आधी कीर्द, मग खतावणी

पेशव्यांच्या रोजकीर्दीचं, म्हणजे दररोजच्या नोंदवहीचं, पान पहिल्यांदा समोर आलं की माणूस गोंधळतो. एका देवस्थानाला दिवाबत्तीच्या तेलाची मंजुरी, लगेच खाली कुठल्याशा किल्ल्याच्या शिबंदीचा पगार, त्याखाली कुणा भटजींना दिलेली धोत्रं, मग हत्तीच्या चाऱ्याचा खर्च, मग पाटीलकीच्या भांडणात निघालेला हुकूम. या विषयाचा त्या विषयाशी संबंध नाही. लहान काम, मोठं काम असा भेद नाही. सगळ्यांना धरून ठेवणारी गोष्ट एकच: त्या दिवसाची तारीख.

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि मोडी त्यानंतर शिकले. त्यामुळे ही पानं मी वाचते ती कारकुनाच्या नजरेनं. लढाया आणि तह यांच्या आधी मला दिसतो तो लिहिणारा माणूस. फडावर, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीत, वर्दळ असणार. कुणी वरात, म्हणजे पैसे देण्याचा हुकूम, घेऊन उभा, कुणी सनदेची नक्कल मागतोय, आतून बोलावणं येतंय, शेजारचा कारकून मोठ्यानं आकडे वाचतोय. एवढ्या गलबल्यात या माणसानं दिवसभर लिहिलंय आणि अक्षर कुठे विसकटलेलं नाही. हे त्याला कसं जमलं, याचं उत्तर मला त्या पानाच्या विस्कळीतपणातच सापडतं. हातातल्या कागदाची जागा कुठली, हा प्रश्न त्याला लिहिताना पडतच नव्हता. जागा ठरलेली होती: आजच्या तारखेखाली, मागच्या नोंदीच्या खाली.

जागा लावायचं काम दुसऱ्या वेळी व्हायचं, पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या हातून. त्या कामाचं नाव खतावणी. रोजकीर्दीतली एकेक नोंद उचलायची आणि तिच्या तिच्या खात्यावर चढवायची. देवस्थानाचं तेल देवस्थानाच्या खात्यात, शिबंदी किल्ल्याच्या खात्यात, हत्तीचा चारा पागा-पीलखान्याच्या खर्चात. खात्यांवरून मग तेरीज, म्हणजे गोषवारा, आणि त्यावरून वर्षाचा ताळेबंद. पुण्याच्या हुजूर दफ्तराची रचनाच या दोन कामांभोवती झाली होती. चालतं दफ्तर रोजच्या कामाचं, आणि एकबेरीज दफ्तर सगळीकडचे हिशेब एकत्र करून त्यांची वर्गवारी लावणारं. एकबेरीज दफ्तर पुण्यातच असे. दोनशेच्या घरात कारकून या हुजूर दफ्तरात बसत, असं सांगतात. एवढ्या माणसांना एकमेकांत न अडखळता काम करायचं तर ‘आत्ता लिहिणं’ आणि ‘नंतर लावणं’ यांच्यामध्ये पक्की भिंत हवीच होती.

ही भिंत नाना फडणवीसांच्या काळात सर्वांत मजबूत होती. फडणिशी म्हणजे या सगळ्या लिखापढीवरची देखरेख, आणि नाना तिच्यात मुरलेले. १८०० साली ते गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराकडे दुर्लक्ष झालं. नोंदी तुटक झाल्या आणि कागदांना शिस्त राहिली नाही. १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती हे दफ्तर आलं तेव्हा जुन्या कागदांपेक्षा अलीकडच्याच कागदांनी त्यांना अधिक त्रास दिला. मला याचं नवल वाटत नाही. कचेरी बिघडते तेव्हा आधी कीर्द बिघडते. ‘उद्या लिहू’ म्हणून राहिलेली नोंद खतावणीला कधीच मिळत नाही, आणि जी मिळाली नाही ती शोधायची हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

लिहिण्याची हत्यारंसुद्धा याच घाईला धरून घडली होती. मोडी शिकताना आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लोंबती सोडत जायचं. शब्द संपला म्हणून हात उचलायचा नाही. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, प्रत्येक अक्षरापाशी, प्रत्येक कान्यापाशी थांबावं लागतं. मोडीत अक्षर वळूनच पुढच्या अक्षरात शिरतं. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करायचा नाही. मोडी वाचणाऱ्याला त्यामुळे घाम फुटतो हे खरं, पण लिहिणाऱ्याचं मन मजकुरावरून हलत नाही. बोरू तासून ठेवलेला, शाई घोटून ठेवलेली, ओली अक्षरं टिपायला वाळू हाताशी. ही तयारी सकाळी व्हायची. एकदा बैठक मारली की फक्त लिहिणं. लिहिलेले कागद चौकोनी फडक्यात बांधायचे. तो रुमाल. पुण्याच्या पुराभिलेखागारात, १८९१ साली बांधलेल्या त्या दगडी इमारतीत, असे हजारो रुमाल आजही फळ्यांवर बसलेले आहेत.

आधी लिहायचं आणि नंतर लावायचं, ही पद्धत मी पुस्तकातून शिकले नाही. ती मी सांगलीच्या हळदपेठेत पाहिली.

आईचे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, एका आडत पेढीवर दिवाणजी होते. पेढी म्हणजे ओटा, त्यावर गादी, भिंतीला लोड, पुढ्यात उतरत्या झाकणाचं बुटकं मेज. हंगामात पहाटेपासून गाड्या लागायच्या. हळदीच्या पोत्यांना एक तुरट, मातकट वास असतो. तो आण्णांच्या धोतराला कायम असायचा. सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा. बाहेरच्या माणसाला भाव कळायचा नाही. ठरला की अडते आण्णांकडे बघून एक आकडा म्हणायचे आणि पुढच्या ढिगाकडे सरकायचे. तो आकडा तेवढ्यात पकडायचा. त्याच वेळी मापाडी वजन ओरडतोय, हमाल बारदानाची पोती मोजून घेतोय, कुणी शेतकरी मुलीच्या लग्नासाठी उचल मागतोय, आणि कुणी हरिपुराहून निरोप आणतोय की अमक्याचं पेव उघडलंय.

हरिपूर सांगलीला लागूनच. तिथल्या जमिनीत खोल पेवं खणलेली असत. हळद त्यांत भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच माणूस सोडायचा. म्हणजे तो निरोपही वेळ घालून यायचा. हळद बाहेर कधी येणार, गाडी कधी पाठवायची, हमाल किती लागणार, हे सगळं त्या एका वाक्यात असे.

आण्णांच्या मांडीवर कच्ची वही असायची. लांबट, आडवी, साध्या पुठ्ठ्याची. जे कानावर पडेल ते तिच्यात, एकाखाली एक. पोती, वजन, कडता, भाव, उचल, पेवाचा निरोप. आणि त्यांच्यातच मध्ये मध्ये भलत्याच ओळी: अमक्याच्या घरी मुंज, तराजूची साखळी दुरुस्तीला टाकणे, मिरजेकडे पाऊस झाल्याची खबर. मी एकदा विचारलं, आण्णा, मुंज हळदीच्या वहीत कशाला? ते वर न बघता म्हणाले, “आत्ता आलं ना, आत्ताच लिहायचं. कुठं जायचं ते रात्री बघू.”

रात्री ते बघणं मी कितीदा तरी पाहिलं. जेवण झालं की पक्क्या वह्या निघायच्या, लाल कापडाच्या बांधणीच्या. आधी रोजकीर्द: डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, वर आदल्या दिवसाची ‘श्री शिल्लक’. कच्च्या वहीतली ओळ वाचायची, व्यवहार असेल तर कीर्दीत उतरवायची. कीर्दीचा मेळ बसला की खतावणी उघडायची. तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याचं, प्रत्येक व्यापाऱ्याचं खातं. नोंद खात्यावर चढली की कीर्दीत तिच्या शेजारच्या बारीक रकान्यात खात्याचं पान लिहायचं, आणि खतावणीत त्या नोंदीशेजारी कीर्दीचं पान. खातेपान आणि कीर्दपान. दोन छोटे आकडे. त्या आकड्यांच्या जोरावर एखादा शेतकरी दोन वर्षांनी येऊन “माझ्या पट्टीत हमाली जास्त लावली” म्हणाला, तर आण्णा त्याच्या खात्यावरून त्या दिवसाच्या कीर्दीवर आणि कीर्दीवरून कच्च्या वहीतल्या त्या ओळीपर्यंत उतरत. तिथे मापाडी कोण होता आणि पाऊस होता की नाही, हेसुद्धा सापडायचं.

मुंज आणि साखळी यांचंही रात्रीच व्हायचं. मुंज घरात सांगितली जायची, साखळीची ओळ उद्याच्या कच्च्या वहीच्या डोक्यावर जायची. जे मार्गी लागलं त्यावर आडवी काट. वहीतली प्रत्येक ओळ एकतर कुठेतरी चढलेली किंवा काटलेली असल्याशिवाय आण्णा वही मिटत नसत. माझ्या मते त्या सबंध पद्धतीचा जीव या शेवटच्या कामात होता. दिवसा निर्धास्तपणे लिहून विसरता येत होतं, कारण रात्री कुणीतरी ती ओळ वाचणार याची खात्री होती. ही खात्री नसेल तर माणूस लिहूनही मनात धरून ठेवतो, आणि मग समोरच्या तराजूकडे लक्ष राहत नाही.

लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांवर कुंकवाचं स्वस्तिक निघायचं आणि पाडव्यापासून त्या चालू व्हायच्या. पूजेत पक्क्या वह्या असत. कच्ची वही मात्र कोपऱ्यात. मला तेव्हाही ते खटकायचं, आजही खटकतं.

व्यापाऱ्यांची ही रीत एका मुलखापुरती नाही. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांबद्दल लुका पाचोली या पाद्र्यानं १४९४ साली छापलेल्या ग्रंथात तीन पुस्तकं सांगितली आहेत. पहिली स्मरणवही, मग रोजकीर्द, मग खतावणी. स्मरणवहीत मालक नसताना घरातल्या कुणीही, बायकांनी किंवा नोकरांनीही, व्यवहार लिहून ठेवावा अशी मोकळीक होती. आणि गॉटिंगेनमध्ये गेओर्ग लिश्टेनबर्ग नावाचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होऊन गेला, त्यानं ही रीत विचारांना लावली. इंग्रज व्यापारी आधी कच्च्या वहीत सगळं अस्ताव्यस्त टिपतात, तिथून ते कीर्दीत आणि शेवटी खतावणीत नेतात, हे सांगून विद्वानांनीही तसंच करावं असं त्यानं सुचवलं. स्वतः त्यानं तरुणपणापासून मरेपर्यंत अशा वह्या लिहिल्या आणि त्यांना व्यापाऱ्याच्या कच्च्या वहीचंच नाव दिलं. प्रयोगातली शंका, माणसांबद्दलचं निरीक्षण, वाचलेल्या पुस्तकातलं काहीबाही, सगळं एकाखाली एक. त्याचा जन्म १७४२ चा. नाना फडणवीसांचाही १७४२ चाच. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण पुण्याच्या फडावर दौलतीचे व्यवहार ज्या क्रमानं लिहिले जात होते, त्याच क्रमानं जर्मनीत एक माणूस आपले विचार लिहीत होता. मला या योगायोगाचा फार आनंद वाटतो.

आपल्याकडेही विचारांची कच्ची वही होती. तिला बाड म्हणत. पोथीची पानं सुटी, तर बाड शिवलेलं, लांबट, आणि पान वरच्या दिशेनं उलटायचं. हातात धरायला, काखेत मारायला सोयीचं. कीर्तनकारांची आणि रामदासी मंडळींची अशी बाडं पुष्कळ मिळाली आहेत. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतून फिरून गोळा केलेला मोठा संग्रह धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. बाडात काय नसतं? अभंग, पदं, आर्या, कीर्तनाच्या उत्तररंगात सांगायच्या गोष्टीचे दोन-चार शब्द, आणि त्यांच्या शेजारी खोकल्याचं औषध, एखादा मुहूर्त, कुणाला दिलेल्या उसन्याची नोंद. एका मुक्कामी ऐकलेलं पद तिथेच उतरवायचं आणि पुढच्या गावाला चालू लागायचं.

पण बाडाला खतावणी नव्हती. कीर्तनकाराला ती लागत नव्हती, कारण तो तेच बाड रोज उलटत असे. कुठलं पद कुठल्या आख्यानाला लागतं हे त्याच्या तोंडात होतं. तो गेला की मागे राहिलेल्या बाडातून वाट काढणं अवघड होतं. दोन शब्दांच्या टिपणावरून तो कुठली गोष्ट सांगत असे हे अभ्यासकांना आज नेमकं कळत नाही. म्हणून मी बाडावर माया करते, पण कचेरीत बाड चालणार नाही असंच म्हणेन. जिथे एकाचं काम दुसऱ्याला पुढे न्यायचं असतं तिथे खातेपान लिहावंच लागतं.

कचेरीत माझ्या वाट्याला आली ती सहा गठ्ठ्यांची पद्धत. महसूल खात्यातली ही जुनी शिस्त. मधल्या काळात ती सैल पडली होती. १९८० च्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी असताना त्यांनी कचेऱ्यांची झाडाझडती घेऊन ती पुन्हा बसवली, आणि ‘लखिना पॅटर्न’ हे नाव राज्यभर कारकुनांच्या तोंडी झालं. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात असलाच पाहिजे. चालू कामाचा गठ्ठा, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रकरणांचा म्हणजे प्रतीक्षाधीन गठ्ठा, ठरावीक मुदतीला पाठवायच्या नियतकालिकांचा, स्थायी आदेशांचा, अभिलेख कक्षात पाठवायच्या निकाली प्रकरणांचा, आणि नष्ट करायच्या कागदांचा. आलेलं पत्र आधी आवक बारनिशीत चढतं, मग ज्याचं त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत. निकाली कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत जातो. अ म्हणजे कायमचा, ड म्हणजे वर्षभरानं रद्दी.

नव्यानं लागलेल्या मुलामुलींना यातला प्रतीक्षाधीन गठ्ठा मी आधी शिकवायची. तलाठ्याचा अहवाल मागवलाय, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवायचंय. आता ते प्रकरण टेबलावर ठेवलं तर रोज त्याच्याकडे नजर जाते, दर वेळी उघडून ‘अजून आलं नाही’ एवढंच वाचून ते मिटलं जातं. तेच तारखेनुसार लावलेल्या गठ्ठ्यात घातलं की त्या तारखेपर्यंत डोक्यातून गेलं. त्या दिवशी गठ्ठ्यातलं वरचं प्रकरण तेच असतं. टेबलावर उरतो तो फक्त हातातला कागद. माझ्या टेबलावर दुसरा कागद दिसला की आमच्या जुन्या शिरस्तेदारबाई काही न बोलता तो उचलून गठ्ठ्यात घालायच्या. त्यांचा तो हात मला अजून आठवतो, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सहा गठ्ठे मात्र कागदांसाठी होते. कागद नसलेल्या गोष्टींचं काय? फेरफाराच्या तक्रारीवर टिपणी लिहीत असताना फोन वाजतो, जिल्ह्यावरून चार वाजेपर्यंत पीक पाहणीची माहिती हवी असते. साहेब जाता जाता दारातून तोंडी काही सांगतात. खिडकीशी उभी असलेली म्हातारी सातबाऱ्यावरचं नाव चुकलंय म्हणते, आणि तिच्या बोलण्यावरून आपल्याला सुचतं की त्या अख्ख्या गटातच गफलत असणार. यातल्या कशालाच आवक क्रमांक नाही. त्यासाठी मी आण्णांची कच्ची वही कचेरीत आणली. साधं लांबट रजिस्टर, वर तारीख, खाली येईल ते एकाखाली एक, दोन शब्दांत. लिहायचं आणि टिपणीच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याकडे परत यायचं. अर्ध्या वाक्यावर थांबले असेन तर ते वाक्य कुठे चाललं होतं हे डोळ्यांना लगेच दिसायचं, हा अनुभव. वाक्य पूर्ण करून थांबलं की पुढचं सुरू करायला वेळ लागायचा.

पाच वाजता ते रजिस्टर घेऊन बसायची. तोंडी आदेशाची टिपणी करून साहेबांची सही, म्हातारीचं प्रकरण कार्यविवरणात, गटाची शंका प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात तलाठ्याच्या पुढच्या बैठकीच्या तारखेला. नोंदीशेजारी प्रकरणाचा क्रमांक. चढलं की काट. कुणी म्हणायचं, बाई, दुहेरी काम करता. दुहेरी होतंच ते. पण दिवसभर ‘हे कुठे ठेवू’ या प्रश्नासाठी शंभर वेळा काम मोडण्यापेक्षा संध्याकाळी एकदा बसून सगळ्यांची सोय लावणं मला कायम हलकं वाटलं. आता फोनमध्ये प्रत्येक विषयाचा वेगळा कप्पा करणारी तरुण मंडळी पाहते. सुचलेली गोष्ट लिहायच्या आधी ती कुठल्या कप्प्यात टाकायची हे शोधण्यात त्यांची सुचलेलीच गोष्ट निसटते. त्यांना मी तारखेची वही करा म्हणते, फोनमध्ये केली तरी हरकत नाही.

खतावणी किती थोर होऊ शकते हे पाहायचं असेल तर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात जावं. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली तिथे संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरच्या महाकोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द वेचायचे. वाचणाऱ्यानं ग्रंथ ओळीनं वाचत जायचं, प्रत्येक शब्दाला एक चिठ्ठी: शब्द, त्याचं व्याकरण, ग्रंथातला उतारा, स्थळ. पंचवीस वर्षं फक्त चिठ्ठ्या चालल्या. त्या जवळजवळ एक कोटी झाल्या. मग लोखंडी कपाटांच्या खणांतून त्या अकारविल्हे लावल्या, आणि डॉ. अ. म. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ साली पहिला भाग बाहेर पडायला सुरुवात झाली. तीसहून अधिक खंड झाले तरी गाडी अजून ‘अ’ मध्येच आहे. लोक याला हसतात, मला हसू येत नाही. रामायण वाचणाऱ्या माणसानं मध्येच थांबून एका शब्दाचा वेदापासूनचा अर्थ शोधायला घेतला असता तर त्याचं रामायण पुरं झालं नसतं. वेचणारा वेचत गेला, आणि लावणाऱ्यासाठी त्यानं स्थळ लिहून ठेवलं. चिठ्ठीवरचं ते स्थळ म्हणजे आण्णांचं कीर्दपानच.

पेशव्यांच्या रोजकीर्दीची गोष्ट एकबेरीज दफ्तरापाशी संपली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रावबहादूर गणेश चिमणाजी वाड या रुमालांपाशी बसले आणि छत्रपतींच्या व पेशव्यांच्या रोजकीर्दींतून त्यांनी उतारे काढले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचं मोल ओळखून त्यांवर लिहिलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांचे खंड छापून झाले. खंड एकेका राजवटीचे, आणि आत वेगळी वेगळी शीर्षकं. पुढे गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. पण मला वाडांचे खंड अधिक जवळचे वाटतात, कारण ती सरळ सरळ शंभर वर्षांनी घातलेली खतावणी आहे. फरक खात्यांचा. एकबेरीजेच्या कारकुनाला हवी होती जमेची आणि खर्चाची खाती. वाडांच्या खंडांत न्याय, टपाल, नाणी, सामाजिक बाबी अशी खाती उघडली गेली. कारकुनानं त्या वेळी ‘हे कशाला लागणार’ म्हणून एखादी क्षुल्लक ओळ गाळली असती, किंवा प्रत्येक हुकूम थेट खात्यावरच चढवून रोजकीर्द टाकून दिली असती, तर ही खाती नंतर कुणालाच उघडता आली नसती.

आणि खाती उघडणं अजून थांबलेलं नाही. जपानमध्ये हितोत्सुबाशी विद्यापीठात हिरोशी फुकाझावा नावाचे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक होते. पेशवाईत सरकार जातींच्या कारभारात किती आणि कसा हात घालत होतं, असा प्रश्न त्यांनी घेतला. कोणाला प्रायश्चित्त दिलं, कोणाला जातीत परत घेतलं, कुणाच्या मानपानाच्या भांडणात सरकारनं काय हुकूम सोडला. या नोंदी त्यांनी वाडांच्या उताऱ्यांतून एकेक करून वेचल्या, आणि त्यावरचा त्यांचा निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातल्या जातिव्यवस्थेवर काम करणाऱ्यांना तो आजही वाचावा लागतो. फडावरच्या ज्या कारकुनांनी ते हुकूम तेलाच्या आणि चाऱ्याच्या ओळींमध्ये टिपले, त्यांची नावं त्यात नाहीत. तारखा मात्र सगळ्या आहेत.